सहा कुलपांची घटना

चिकपेटेतल्या आमच्या मराठी सभागृहाच्या दाराला तीन कुलपं होती आणि ती लावायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला तपास करत बसायला नको. मी हरी, वय बहात्तर, विमानं बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर, राहणार जयनगर. माझी बायको प्रमोदिनी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायची. तीन कुलपांचं ऐकलं त्याच दिवशी तिने याचा बोजवारा उडणार असं सांगितलं होतं. बायकोचं ऐकायचं नाही हा नियम मी कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या घराण्यात तो न लिहिता चालत आलाय.

बेंगळुरात मराठी माणसं तीन जातीची भेटतात. पहिली चिकपेटेतली. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले असं ती सांगतात, आणि प्रत्येकाचा पूर्वज राजांच्या अगदी शेजारच्या घोड्यावर असतो. दुसरे आम्ही जयनगरवाले, सरकारी कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत नोकरीला आलेले. चाळीस वर्षं इथे काढून अजून पुण्याला जाताना ‘घरी चाललो’ म्हणणारे. तिसरे एचएसआर लेआउटमधले संगणकवाले, जे आईशी मराठी बोलतात, मुलांशी इंग्रजी आणि बायकोशी फोनवरून. तिघांची तीन मंडळं, आणि तिन्ही मंडळांचा मिळून एक महासंघ. समोरासमोर आम्ही सगळे ‘आपली माणसं’ असतो. पाठ वळली की ‘ती माणसं’.

सभागृह बांधलं चिकपेटवाल्यांनी, त्यामुळे अध्यक्ष त्यांचे. अप्पासाहेब सलग अठरा वर्षं अध्यक्ष होते. त्यांचा हार्डवेअरचा घाऊक धंदा, दुकान सभागृहापासून चार पावलांवर, चावी त्यांच्या कमरेला. आधी एका कोपऱ्यात पाइप आले. मग नळ आले, रंगाचे डबे आले. एका वर्षी पाडव्याच्या व्याख्यानाला आम्ही पुण्याहून विद्वान बोलावले होते, विषय संतवाङ्मय. पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या मागे चोवीस कमोड दोन रांगांत शिस्तीत उभे होते. पाहुण्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि व्याख्यान वीस मिनिटांत आटोपलं.

“स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे हो हरीअण्णा,” अप्पासाहेब म्हणाले. “माल सोमवारी जातोय.”

माल सोमवारी गेला आणि मंगळवारी दुसरा आला. मग मात्र आम्ही बंड केलं. अप्पासाहेबांना खाली खेचलं आणि महासंघाची नवी घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेचाळीस कलमं लिहिली. पुन्हा कुणी राजा होता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. प्रत्येक मंडळ सार्वभौम. प्रत्येकाला एक मत. तिघांचं एकमत झाल्याशिवाय काहीही करायचं नाही, आणि ही घटना बदलायची तरी तिघांचं एकमत हवं. कागदावर विश्वास नको म्हणून दाराच्या लोखंडी आडण्याला तीन कुलपं, एकेका मंडळाचं एकेक. तिघं चाव्या घेऊन आले तरच दार उघडणार. कुलपं अप्पासाहेबांच्याच दुकानातून घेतली.

त्यानंतर बारा वर्षांत आम्ही काय काय केलं नाही, याची यादी फार मोठी आहे. एक पंखा दुरुस्त करायला चौदा महिने लागले, कारण एचएसआरवाल्यांचं म्हणणं पंखेच नकोत, एसी बसवा. भिंतींचा रंग ठरेना म्हणून भिंती अर्ध्या खरवडलेल्या राहिल्या. एका वर्षी तिसरी चावी सापडेना म्हणून गणपती दीड दिवस ओसरीवर बसला आणि तिथूनच गेला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. कमोड आत येत नाहीत ना, मग घटना चालते आहे, असं मी समजत होतो.

मग योगीराज गेले. योगीराज म्हणजे अप्पासाहेबांच्या थोरल्या बहिणीचे, सकवारबाईंचे यजमान. हा माणूस कधी कुठल्या समितीवर नव्हता. सभागृहाची फरशी त्यांनी जातीने उभं राहून बसवून घेतली होती, आणि कुठलाही दिवा गेला की शिडी घेऊन तेच यायचे. त्यांची शोकसभा सभागृहात व्हावी यावर तिन्ही मंडळांचं एकमत झालं, महासंघाच्या इतिहासात पहिल्यांदाच, तेही पाच मिनिटांत. चिकपेटची चावी आली. एचएसआरची आली. जयनगर मंडळाचा सचिव मी, तेव्हा तिथली चावी माझ्या खिशात होती, आणि मी पुण्याला पुतण्याच्या मुलाच्या मुंजीत होतो. ती मी कुणाकडे, मागे राहिलेल्या प्रमोदिनीकडेही, ठेवून गेलो नव्हतो, कारण माझा कुणावर विश्वास नव्हता.

शोकसभा पायऱ्यांवर झाली. योगीराजांचा फोटो बंद दाराला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यावर तिसरं कुलूप लोंबत होतं. हे मला प्रमोदिनीने नंतर सांगितलं. परतल्यावर मी सकवारबाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला कॉफी दिली आणि मुंज कशी झाली ते विचारलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या गल्लीतून जाताना लाज वाटायची. तरी कुलूप मी काढलं नाही.

यंदा फेब्रुवारीत त्यांच्या नातीचं, दिव्यश्रीचं लग्न ठरलं. मे महिन्यातला तिसरा रविवार, मुहूर्त सकाळी दहा वीसचा. मुलाकडच्यांना बाहेरचं मोठं मंगल कार्यालय हवं होतं, पण सकवारबाई अडून बसल्या. त्यांचं स्वतःचं लग्न त्या सभागृहातलं पहिलं लग्न होतं. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. त्यांनी तिन्ही मंडळांना आपल्या हाताने अर्ज लिहिले: नातीचं लग्न माझ्या माणसाने बसवलेल्या फरशीवर व्हावं, एवढी इच्छा आहे, दार उघडावं.

चिकपेट मंडळ अजून अप्पासाहेबांचंच होतं, तिथला होकार त्यांनी मान हलवून दिला. एचएसआरवाल्यांनी मोबाइलवर मतदान घेऊन नऊ मिनिटांत निकाल कळवला. राहिलो आम्ही. आमच्या समितीत अकरा माणसं, कोरम सातचा, आणि सहा जण अमेरिकेत नातवंडं सांभाळायला गेलेले. परत येणार ऑक्टोबरात. फोनवरून मत चालणार नाही, सदस्य सदेह हजर पाहिजे, असं कलम आहे. ते कलमही माझंच.

“मग आता?” प्रमोदिनीने विचारलं. आम्ही मेथी निवडत बसलो होतो.

“नियम म्हणजे नियम. कोरम नाही तर होकार नाही.”

“तुमची चावी तर इथेच आहे, त्या खुंटीवर.”

“चावी मंडळाची आहे, माझी नाही.”

“पुण्याला नेलीत तेव्हा कुणाची होती?”

मी मेथीत लक्ष घातलं. ती शिक्षिका होती. गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला सोडायची तिला सवय नाही.

“अमेरिकेच्या तेरा राज्यांनी हेच केलं होतं,” ती म्हणाली. “इंग्रजांच्या राजाला हाकललं. मग पुन्हा कुणी राजा होऊ नये म्हणून असं केंद्र सरकार बनवलं की त्याला काही म्हणता काही करता येईना. महत्त्वाची दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यं हवीत. बारा हो म्हणायची आणि सगळ्यात चिमुकलं ऱ्होड आयलंड नाही म्हणायचं. की सगळं ठप्प.”

“मग त्यांनी काय केलं?”

“सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, सतराशे सत्त्याऐंशी, खिडक्या लावून बैठक घेतली. बोलावलं होतं जुन्याची डागडुजी करायला. यांनी नवीनच घटना लिहिली. आणि तिच्यातच लिहून टाकलं की नऊ राज्यांनी मान्य केली की त्या नऊंना लागू.”

“पण जुन्या नियमाप्रमाणे तेरा हवी होती ना? म्हणजे हे बेकायदेशीर झालं.”

“जुन्या नियमाला त्यांनी विचारलंच नाही. विचारत बसले असते तर अजून बसले असते.”

“आणि ऱ्होड आयलंड?”

“बैठकीला आलंच नाही. सगळ्यात शेवटी आलं, पावणेतीन वर्षांनी, तोंड पाडून.” तिने काड्या गोळा केल्या. “पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आपल्या घटनाकारांनी हे सगळं वाचलेलं होतं. आपली घटना दुरुस्त करायला कुठेही सगळ्या राज्यांचं एकमत लागत नाही. एवढ्या मोठ्या देशाला ते परवडलं, आणि तुम्हा तीन मंडळांना परवडत नाही.”

तिने नुसतं बोलून सोडलं नाही, दुसऱ्याच दिवशी अप्पासाहेबांना फोन लावला. बैठक ठरली. सभागृह उघडायचं तर तीन चाव्या हव्यात, म्हणून ती अप्पासाहेबांच्या गोदामात भरली. बसायला खुर्च्या नव्हत्या. अप्पासाहेबांनी नवे कमोड मांडले, झाकणं लावून, वर पुठ्ठा टाकून. त्यावर अप्पासाहेब, मी आणि एचएसआरचा सचिव पुष्कर असे तिघं घटनाकार बसलो. सकवारबाईंना एकुलती एक खरी खुर्ची दिली. प्रमोदिनी वही घेऊन रंगाच्या डब्यावर बसली.

अप्पासाहेबांचं म्हणणं सोपं होतं. “एक दार, एक कुलूप, एक चावी. चावी माझ्याकडे. आमचे पूर्वज आले तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“आणि माल?” मी विचारलं.

“स्वल्प माल राहतो कधी कधी. सरी, नाही ठेवणार.” चिकपेटेत ‘सरी’ म्हणजे ठीक, बरोबर.

“काका, बेसिकली दोन्ही मॉडेल फेल आहेत,” पुष्कर म्हणाला. हा तिशीतला, कंपनीत मोठ्या पगारावर, पाठीवर कायम बॅग. “अप्पाकाकांचं एकच माणूस सगळं करतो, आणि तुमचं एकच माणूस सगळं अडवतो. आपण स्मार्ट लॉक लावू. अ‍ॅपवर तिघांनी अप्रूव्ह केलं की दार उघडेल.”

“म्हणजे पुन्हा तिघंच,” प्रमोदिनी म्हणाली. “फक्त चार्जिंग जास्त लागेल.”

तासभर असंच चाललं. मी माझी एकेचाळीस कलमं सोडत नव्हतो. तिघांपैकी एकाला डावलून घेतलेला निर्णय म्हणजे गुंडगिरी, हे मी चौथ्यांदा सांगितलं तेव्हा प्रमोदिनीने वही मिटली.

“एक विचारू? तुम्ही कारखान्यात तेहतीस वर्षं नेमकं काय केलंत?”

हा प्रश्न मला कधीही विचारावा, मी खुलतो. मी सांगायला लागलो. विमानाला त्याचा वेग सांगणारी यंत्रणा एक ठेवत नाहीत. ती बिघडली तर संपलं. दोनही ठेवून भागत नाही, कारण दोघी वेगवेगळं बोलल्या तर खरी कुठली? म्हणून तीन ठेवतात. दोघींचं जुळलं की तेच खरं धरायचं, तिसरीला बाजूला ठेवायचं. “तिघींचं जुळेपर्यंत थांबायचं ठरवलं ना,” मी म्हणालो, “तर एक बिघडल्याबरोबर विमान—”

आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं.

पुष्कर माझ्याकडे न बघता पुठ्ठ्याचा कोपरा मोडत होता. तेहतीस वर्षं मी यंत्रांना तिघांत दोघांचं ऐकायला शिकवत होतो आणि माणसांची वेळ आली तेव्हा एकाच्या हातात सगळ्यांचा गळा दिला होता. यंत्र बिघडतं हे मला मान्य होतं. जयनगरचा सचिव बिघडू शकतो हे मी धरलंच नव्हतं.

“तिघांतले दोघे,” मी म्हणालो. “दोघांचं पुरे.”

“लिहिते,” प्रमोदिनी म्हणाली. “आणि ही नवी घटना तरी किती जणांनी मान्य करायची?”

“तिघांनी. जुन्या कलमाप्रमाणे—”

“हरीअण्णा,” सकवारबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या. “माझ्या माणसाचा फोटो पायरीवर ठेवला होता, त्या दिवशी नियम सरी होता काय?”

“नियमाप्रमाणे होतं, अक्का.”

“ते माहीत आहे मला. सरी होतं काय?”

“नव्हतं,” मी म्हणालो. “चुकलं माझं. तेव्हाच यायला हवं होतं तुमच्याकडे हे सांगायला. आलो आणि कॉफी पिऊन गेलो.”

त्यांनी मान हलवली. प्रमोदिनीने वहीत लिहिलं: कोणत्याही दोन मंडळांनी मान्यता दिली की ही घटना लागू. आमच्या मंडळाचा कोरम ऑक्टोबरात भरणार होता, म्हणजे ते दोन कोण हे उघड होतं. मी स्वतःच्या हाताने स्वतःला ऱ्होड आयलंड करून घेतलं, तेही कमोडवर बसून.

राहिला प्रश्न दाराचा. कागदावर दोघे पुरे, पण आडण्याला तीन कुलपं असली तर तिसरं उघडल्याशिवाय दार हलणार नाही. कागदावर विश्वास नको हे माझं मत काही बदललेलं नव्हतं. मी दोन दिवस डोकं लावलं, आणि जमलं. कुलपं तीनाऐवजी सहा. आडण्याला तीन साखळ्या गुंडाळायच्या. पहिल्या साखळीची टोकं जोडायला चिकपेट आणि जयनगर यांची कुलपं एकमेकांत अडकवायची, म्हणजे दोघांपैकी कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. दुसरीवर जयनगर आणि एचएसआर. तिसरीवर एचएसआर आणि चिकपेट. एकटा माणूस आपल्या चावीने दोन साखळ्या सोडवू शकतो, तिसरी राहतेच. तिच्यासाठी दुसऱ्या मंडळाचा कुणीतरी लागतो. कुणीही चालतो.

अप्पासाहेबांनी हे तीनदा करून पाहिलं. मग म्हणाले, “कुलपं दुप्पट झाली आणि दार लवकर उघडतंय. इंजिनियर लोकांचं काही कळत नाही.” यावेळी त्यांनी कुलपं फुकट दिली. लग्न त्यांच्या घरचं होतं.

लग्नाच्या रविवारी सकाळी सहाला दार उघडायचं ठरलं होतं. बाकी दोन मंडळांची मान्यता आली होती, माझ्या मंडळाची नव्हती, तेव्हा मला माझी चावी वापरता येत नव्हती. पण पुष्कर वेळेवर येणार नाही याची मला खात्री होती. एचएसआरची माणसं रविवारी नऊच्या आत डोळे उघडत नाहीत. तो येणार नाही, मुहूर्त जवळ येईल, सगळे हवालदिल होतील, आणि मग मी खिशातून चावी काढीन, कोरम गेला खड्ड्यात म्हणेन, आणि दार उघडीन. हे सगळं मी मनात दोन-तीनदा करून पाहिलं होतं. प्रमोदिनीला सांगितलं नाही. ती आदल्या दिवसापासून सकवारबाईंकडेच होती.

मेट्रोतून चिकपेटला उतरलो तेव्हा साडेसात झाले होते. मुद्दामच उशीर केला होता. गल्लीत शिरताच सनईची रेकॉर्ड ऐकू आली आणि माझं पाऊल मंदावलं. दार सताड उघडं होतं. दोन्ही खांबांना केळीचे खुंट बांधलेले, उंबऱ्यावर रांगोळी. पुष्कर घामाघूम होऊन आत पाट मांडत होता. तो साडेपाचलाच आला होता, असं नंतर कळलं. अलार्म चार लावले होते.

साखळ्या दाराशेजारच्या खिळ्यावर टांगल्या होत्या. मी जवळ जाऊन पाहिलं. एक चिकपेटच्या कुलपाशी सुटली होती, एक एचएसआरच्या, आणि तिसरी दोघांपैकी कुणाच्या तरी. माझी दोन्ही कुलपं जशीच्या तशी बंद होती, आपापल्या साखळीच्या टोकाला लोंबत. त्यांना कुणी हातही लावला नव्हता. मी काढलेल्या आकृतीप्रमाणे सगळं तंतोतंत चाललं होतं, आणि मला रडू येईल असं वाटलं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी आपल्यावाचून काहीच अडत नाही हे कळणं सोपं नसतं, मग ती व्यवस्था आपणच केलेली का असेना.

मी खिशात हात घालून चावी चाचपली. तिथून मागच्या मागे सटकावं, ऑक्टोबरात कोरम भरला की तोंड दाखवावं, असा विचार खरोखर मनात आला होता.

आत फरशीवर, अगदी दारासमोर, सकवारबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. हिरवी इरकल, नाकात नथ. जवळच्या पाटावर योगीराजांचा फोटो होता, हार घातलेला, यावेळी आतल्या बाजूला.

“हरीअण्णा, बाहेर का उभे?”

“आमची मान्यता अजून आलेली नाही, अक्का,” मी म्हणालो. “चावी आणलीय. पण लागली नाही.”

“चावी राहू दे खिशात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही या.”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.